गोठणाऱ्या मुलखातलं घराणं

१९३५ साली कॅनडातल्या ऑटवा शहरी, सेंट्रल एक्स्पेरिमेंटल फार्म या सरकारी प्रयोगक्षेत्रावर ब्लॅककरंटच्या दोन झुडपांचा संकर केला गेला. एक होतं ‘केरी’, त्याच फार्मवर वाढलेलं, चांगलं फळणारं घरचं वाण. दुसरं ‘रायबिस उसुरीएन्से’, रशियाच्या अतिपूर्वेच्या, मांचुरियाच्या आणि कोरियाच्या जंगलात आपोआप वाढणारं रानटी झुडूप. त्याला ना मोठं फळ, ना कुणी लागवड केलेली.

ब्लॅककरंटचा संकर हे डोळे ताणणारं काम. फुलं खाली लोंबणाऱ्या बारीक तुऱ्यावर येतात. रंग हिरवट, कडेला किंचित तांबूस आणि आकार घंटीसारखा. फूल उमलायच्या आतच चिमट्याने त्याच्या पाकळ्या बाजूला करायच्या, पाचही पुंकेसर खुडायचे, मधला स्त्रीकेसर न दुखावता. मग दुसऱ्या झुडपाचा पराग कुंचल्याने त्या केसराच्या टोकाला लावायचा, तुऱ्यावर पिशवी बांधायची आणि चिठ्ठी अडकवायची. फळं जुलैत पिकतात. गर धुऊन काढलेलं बी ओलसर ठेवून काही महिने थंडीत मुरू द्यावं लागतं, कारण थंडी खाल्ल्याशिवाय ते रुजत नाही. रोप उगवलं तरी पहिलं फळ बघायला आणखी दोन-तीन वर्षं जातात. म्हणजे आज केलेल्या कामाचा निकाल तीन-चार वर्षांनी, आणि तोही बहुतेक वेळा ‘नापास’ असाच.

या कामातून ऑटवाच्या संशोधकांनी तीन वाणं बाहेर काढली. या संशोधकांतलं मुख्य नाव ए. डब्ल्यू. एस. हंटर यांचं. ‘क्रुसेडर’ आणि ‘कॉरोनेट’ १९४८ साली आली आणि ‘कॉन्सॉर्ट’ १९५२ साली. पहिली दोन मागे पडली. कॉन्सॉर्टच्या रक्ताची झुडपं मात्र आज स्कॉटलंड, स्वीडन, पोलंड आणि न्यूयॉर्कच्या शेतांत उभी आहेत. एका फळझुडपासाठी एवढा खटाटोप का करावा लागला, हे समजायला एका पाइन वृक्षापासून सुरुवात करावी लागते.

अमेरिकेच्या ईशान्येकडचा व्हाइट पाइन म्हणजे सरळसोट, उंच, हलक्या लाकडाचा वृक्ष. वसाहतींच्या काळात इंग्लंडच्या आरमाराला डोलकाठ्यांसाठी असली खोडं लागत. १६९१ सालच्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत मोठी झाडं राजासाठी राखून ठेवल्याची नोंद आहे. अठराव्या शतकात या वृक्षाचं बी युरोपात गेलं, आणि जर्मनीसह अनेक देशांत त्याची वनं उभी राहिली. तिथे त्याची गाठ आशियातून पसरत आलेल्या एका बुरशीशी पडली. ही बुरशी शतकानुशतकं सैबेरियातल्या पाइन आणि करंटच्या जातींबरोबर राहत आलेली. तिथल्या पाइनांना तिची सवय होती, अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याला नव्हती. युरोपातल्या त्या लागवडी तिने पोखरल्या.

एकोणिसावं शतक संपेपर्यंत अमेरिकेने आपली व्हाइट पाइनची जंगलं तोडून टाकली होती, आणि आता नव्याने लागवड करायची होती. रोपं जर्मनीत स्वस्त मिळत. आपल्याच वृक्षाची रोपं परदेशातून जहाजांनी परत मागवली गेली, आणि त्यांच्या सालीत दडून बुरशीही आली. १९०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे करंटच्या पानांवर ती पहिल्यांदा ओळखली गेली. १९०९ मध्ये जर्मनीहून आलेल्या पाइनच्या रोपांवरही ती सापडली. पश्चिम किनाऱ्यावर ती वेगळ्या वाटेने पोचली. १९१० साली फ्रान्सहून व्हँकुव्हरला उतरलेल्या रोपांबरोबर ती आली, आणि तिकडे तर १९२१ पर्यंत कुणाला पत्ताच लागला नाही.

हा एक प्रकारचा तांबेरा. आपल्याकडे गव्हावर पडणारा तांबेरा किंवा गेरवा शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि त्याच्या अभ्यासासाठी महाबळेश्वरला वेगळं केंद्रही आहे. त्याच बुरशीकुळातला हा पाइनचा तांबेरा, पण त्याला एकट्या पाइनवर जगता येत नाही. एका पाइनवरून तो थेट दुसऱ्या पाइनवर जात नाही. त्याला मध्ये करंट किंवा गूसबेरी लागते, म्हणजे रायबिस या प्रजातीतलं कुठलं तरी झुडूप.

वसंतात रोगट पाइनची साल फुगते, फुटते, आणि शेंदूर सांडावा तशी केशरी भुकटी बाहेर पडते. हे बीजाणू टणक असतात आणि वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. ते करंटच्या पानाच्या पाठीवर रुजतात. उन्हाळाभर तिथे पिवळे-नारिंगी ठिपके वाढतात आणि एका झुडपावरून दुसऱ्यावर पसरत राहतात. उन्हाळा सरता सरता त्याच पानाखाली तपकिरी केसांसारखे तंतू उगवतात. त्यांच्यावर धरणारे बीजाणू मात्र नाजूक. कोरड्या हवेत ते मरतात, आणि साधारणपणे तीनेकशे मीटरपलीकडे जिवंत पोचत नाहीत. तेवढ्या टप्प्यात पाइन असला तर सुईसारख्या पानाच्या रंध्रातून ते आत शिरतात, तिथून फांदीत, फांदीतून खोडात. काही वर्षांनी खोडाला वेढा पडतो आणि वरचं झाड वाळतं.

या चक्राचा उलगडा झाल्यावर उपाय सरळ दिसला. पाइन वाचवायचा तर रायबिस काढा. १९१२ साली अमेरिकेत वनस्पती-विलगीकरणाचा कायदा झाला. त्याखाली निघालेला पहिलाच हुकूम या रोगाबद्दलचा होता. पाठोपाठ राज्याराज्यांनी करंट आणि गूसबेरीच्या लागवडीवर बंधनं आणली. सर्वांत कडक नजर होती युरोपियन ब्लॅककरंटवर, आणि ती उगाच नव्हती. साऱ्या करंटांत हाच तांबेऱ्याला सर्वांत लवकर आणि सर्वांत जास्त बळी पडतो. न्यूयॉर्क राज्यात त्या काळी करंटची भरघोस शेती होती. ती हळूहळू नाहीशी झाली.

महामंदीच्या काळात, १९३३ नंतर, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या छावण्यांतून बेकार तरुणांना कामं दिली गेली. ‘रायबिस उपटणं’ हे त्यातलंच एक काम. आयडाहोपासून न्यू इंग्लंडपर्यंतच्या जंगलांत पोरांच्या रांगा दोऱ्या आखून चालत, डोंगरउतारावरचं एकेक रानकरंट मुळासकट खणून काढत. कोट्यवधी झुडपं अशी गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशकं आली, मग विमानातून पाइनवर प्रतिजैविकं फवारली गेली. १९६० च्या दशकात तेही अपयशी ठरल्याचं मान्य करून थांबवावं लागलं. मुळाचा तुकडा मातीत राहिला की रायबिस पुन्हा फुटतं, बी मातीत कित्येक वर्षं टिकून राहतं, आणि पश्चिमेकडच्या उंच डोंगरांत तर ते पूर्ण संपवणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतंच. तिथला व्हाइटबार्क पाइन या रोगाने इतका खचला की डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकन सरकारला त्याची नोंद संकटग्रस्त जातींत करावी लागली.

मला या साऱ्या प्रकरणात खटकतं ते खर्चाचं प्रमाण. बुरशी ओळखणाऱ्यांची काहीच चूक नव्हती, पाइनची काळजी करणाऱ्यांचीही नव्हती. पण अर्धं शतक झुडपं उपटण्यावर जेवढी माणसं राबली, त्याचा हजारावा हिस्सासुद्धा ‘रोग न लागणारं झुडूप मिळतं का’ या प्रश्नाच्या वाट्याला आला नाही. तो प्रश्न मोजक्याच लोकांनी धरून ठेवला. अमेरिकेत जी. जी. हान या रोगशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या करंटांवर तांबेरा मुद्दाम चढवून पाहिला. त्यातून नॉर्वेकडचं ‘व्हायकिंग’ हे लाल करंट आणि उसुरीकडचं रानटी काळं करंट अशी काही झुडपं अलिप्त राहतात हे दिसून आलं. कॅनडात हे काम ऑटवाने अंगावर घेतलं.

ऑटवाकडे त्यासाठी लागणारी पूर्वतयारी होती. हे प्रयोगक्षेत्र १८८६ साली स्थापन झालं. त्याचे पहिले संचालक विल्यम सॉन्डर्स पेशाने औषधविक्रेते, पण जीव झाडांत गुंतलेला. कॅनडाच्या गहूशेतीचं नशीब पालटणारं ‘मार्क्विस’ हे वाण त्यांचे पुत्र चार्ल्स यांच्या हातून झालं. त्यामुळे या घराण्याचं नाव गव्हाशी जोडलं जातं. वडिलांनी ब्लॅककरंटची कितीतरी रोपं बियांपासून वाढवून निवडली होती हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ‘केरी’, ‘मॅग्नस’, ‘क्लायमॅक्स’, ‘ईगल’ ही त्यांचीच निवड. ऑटवात जानेवारीत पारा उणे ३० च्या खाली उतरतो. तिथे ज्या झुडपाच्या कळ्या मार्चपर्यंत जिवंत राहत तेच निवडीत उरे. केरीने ही परीक्षा आधीच दिलेली होती.

उसुरीएन्सेची परीक्षा त्याहून जुनी. उसुरी ही रशिया आणि चीनच्या सीमेवरून वाहणारी नदी. तिच्या खोऱ्यात हिवाळा कोरडा आणि कडक, उन्हाळा दमट. या जातीचं शास्त्रीय वर्णन क्राकोचे पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ एडवर्ड यांचेव्ह्स्की यांनी केलं. रायबिस प्रजातीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०७ साली निघाला. या झुडपात एक प्रभावी जनुक होतं, पुढे त्याला ‘सीआर’ हे नाव पडलं. त्याची एक प्रत जरी संततीत उतरली तरी पानावर पडलेला तांबेरा रुजत नाही. ज्या मुलखात बुरशी आणि झुडूप युगानुयुगं समोरासमोर राहिली, तिथेच असं जनुक सापडावं हे साहजिक आहे.

कॉन्सॉर्टला ते मिळालं. दोन्हीकडून थंडीचं बळही मिळालं. शिवाय ते स्वतःच्याच परागावर फळतं, दुसरं वाण शेजारी लावावं लागत नाही. क्रुसेडर आणि कॉरोनेटना ही सोय नव्हती, म्हणून ती मागे पडली. कॉन्सॉर्टमध्ये उणिवाही होत्या. फळ मध्यम, चव उग्र आणि पानांवर भुरी फार.

भुरी म्हणजे काय हे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगायला नको. करंट आणि गूसबेरीवर पडणारी भुरी वेगळ्या बुरशीची, पण पानावरचा पांढरा थर आणि खुंटलेले शेंडे तेच. ही बुरशी मूळची अमेरिकेची. युरोपातून तांबेरा अमेरिकेत उतरत होता, जवळपास त्याच सुमारास, १९०० साली, ही अमेरिकन भुरी आयर्लंडमध्ये पहिल्यांदा दिसली. आधी तिने गूसबेरीची वाट लावली. नंतरच्या दशकांत उत्तर युरोपातल्या ब्लॅककरंटच्या मळ्यांनाही तिने घेरलं.

युरोपात ब्लॅककरंटला मान होता, आणि युद्धाने तो वाढवला. शंभर ग्रॅम फळात सुमारे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे संत्र्याच्या तिपटीहून जास्त. ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रात व्हर्नन चार्ली यांनी फळांच्या सरबतांवर काम केलं. त्यातून एच. डब्ल्यू. कार्टर या कंपनीने १९३८ साली ‘रिबेना’ बाजारात आणलं. युद्धात संत्री येईनाशी झाली तेव्हा ब्रिटिश सरकारने तान्ह्या मुलांना ब्लॅककरंटचा पाक पुरवला. एका पिढीच्या दातांना-हिरड्यांना या काळ्या फळाने आधार दिला.

पण ब्रिटनच्या मळ्यांची खरी अडचण हिवाळा नव्हती, वसंत होता. इथे थंडी सोसणं म्हणजे नेमकं काय हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बाजारात ‘थंडीला कणखर’ एवढी दोन शब्दांची पाटी लागते आणि त्यामागची गुंतागुंत झाकून जाते.

ब्लॅककरंटला दिवस लहान होऊ लागल्याची चाहूल लागते. शेंड्याची वाढ थांबते, पानं गळतात, कळ्यांवर खवल्यांचं आवरण बसतं. हिवाळा चढत जाईल तसं पेशीतलं पाणी पेशीबाहेरच्या पोकळीत जातं, पेशीत शर्करा साठते. बर्फ धरतो तो बाहेरच्या पोकळीत, पेशीच्या आत नाही. अशी पूर्ण निजलेली कळी उणे ३५ अंशांतसुद्धा जगू शकते. ही झाली पहिली बाजू. दुसरी बाजू झोपेच्या लांबीची. कळीला जागं व्हायला शून्याच्या जरा वरच्या थंडीचे हजार-दीड हजार तास लागतात, काही वाणांना त्याहूनही जास्त. तो हिशोब पुरा झाला की ती नुसती ऊब येण्याची वाट बघते. सैबेरियात ऊब एकदाच येते आणि मग जात नाही, म्हणून तिथल्या वाणांनी लवकर जागं व्हायला शिकलेलं असतं. तेच वाण इंग्लंडात लावलं तर फेब्रुवारीच्या फसव्या उबेला फुलायला धावतं, आणि एप्रिलच्या एका रात्रीच्या उणे दोन अंशांत त्याची सगळी फुलं काळी पडतात. उणे ३५ सोसणारं झुडूप उणे दोनमध्ये पीक गमावतं, ते असं. ब्रिटनमध्ये जुन्या ‘बाल्डविन’ वाणाची कितीतरी पिकं अशीच एकेका रात्रीत गेली.

स्कॉटलंडमध्ये डंडीजवळच्या इन्व्हरगाउरी इथल्या संशोधन संस्थेत माल्कम अँडरसन यांनी यावर काम केलं. त्यांनी कॉन्सॉर्ट आणि मॅग्नस, म्हणजे ऑटवाची दोन वाणं, एका बाजूला घेतली. दुसऱ्या बाजूला फिनलंडचं ‘ब्रोडटॉर्प’ आणि स्वीडनचं ‘यान्सलुंडा’. त्या चौघांच्या मिश्रणातून १९७५ साली ‘बेन लोमंड’ आलं. ते उशिरा फुलतं, उशिराच्या हिमातून वाचतं, आणि त्याच्या मागोमाग स्कॉटिश डोंगरांची नावं घेतलेल्या वाणांची सगळी ‘बेन’ मालिका उभी राहिली. रिबेनासाठी फळ पिकवणाऱ्या ब्रिटिश शेतांचा चेहरामोहरा या मालिकेने बदलला.

याच काळात दक्षिण स्वीडनमध्ये, क्रिस्टियानस्टाडजवळच्या बाल्सगोर्ड या फळसंशोधन केंद्रात, पाल तमाश भुरीला उत्तर शोधत होते. त्यांनी पहिल्यांदा कॉन्सॉर्टचा संकर ‘कायानिन मुस्ता’ या फिनिश वाणाशी केला. हे कायानी गावचं करंट, ६४ अक्षांशावरचं. तिथे जूनमध्ये रात्र जेमतेम होते आणि ऑक्टोबरात जमीन गोठायला लागते. त्या संकराच्या संततीला त्यांनी सैबेरियातल्या अल्ताई प्रदेशातलं ‘अल्ताइस्काया देसर्तनाया’ जोडलं.

अल्ताईच्या या वाणामागे मिखाइल लिसावेन्को यांचं काम आहे. शिक्षणाने ते कायद्याचे. सैबेरियात फळबाग होणं शक्य नाही हे त्या काळचं सर्वमान्य मत, आणि ते मत खोडून काढण्यात त्यांनी आयुष्य घातलं. १९३३ साली ते ओइरोत-तुरा या डोंगराळ गावी, आताच्या गोर्नो-अल्ताइस्कला, एक लहानसं फळप्रयोग केंद्र उभारायला गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्ताईच्या दऱ्यांतून रानटी करंट आणि सीबकथॉर्न गोळा केलं, युरोपियन वाणांशी त्यांचे संकर केले, आणि जे हिवाळ्यात मेलं त्याचा शोक न करता जे उरलं ते वाढवलं. त्यांच्या जुन्या वाणांतलं ‘गोलुब्का’ एका इंग्लिश वाणाच्या आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या ‘प्रिमोर्स्की चॅम्पियन’च्या संकरातून आलेलं. लिसावेन्को १९६७ साली वारले. बर्नाउलची फलोद्यान संशोधन संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

तमाश यांच्या या दुहेरी संकरातून जे निघालं ते ‘टिटानिया’. १९८० च्या दशकात ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. उसुरी, ऑटवा, कायानी आणि अल्ताई असे चार गोठणारे मुलूख या एका झुडपात एकत्र आले.

टिटानियाचं झुडूप जोमदार. माणसाच्या खांद्याइतकं सहज होतं, कधी डोक्याइतकं. फांद्या ताठ, त्यामुळे खालून यंत्र फिरवून फळ झाडता येतं. पान उलटं करून उन्हात धरलं तर पाठीवर बारीक पिवळ्या ग्रंथींची शिंपण दिसते. बोटाने चोळलं की उग्र, थोडा रानटी वास हाताला राहतो. तोच वास हिवाळ्यात छाटणी करताना कळ्यांना येतो, आणि फ्रान्समध्ये बर्गंडीत असल्याच कळ्यांचा अर्क अत्तरासाठी काढतात. घोस लांब, मणी टपोरे, देठाकडचे आधी आणि टोकाचे नंतर पिकतात. पण आधी पिकलेले गळून पडत नाहीत. घोसालाच धरून राहतात, त्यामुळे तोडणीची घाई नसते. भुरी जवळपास नाही. थंडीची तक्रार नाही. आणि कॉन्सॉर्टकडून आलेल्या सीआर जनुकामुळे तांबेऱ्याला, निदान सुरुवातीला, पूर्ण अटकाव. उणीव एवढीच की कळीत शिरणाऱ्या कोळ्याला आणि त्याच्यासोबत येणाऱ्या विषाणूला ते बळी पडतं.

पोलंडने टिटानिया मोठ्या प्रमाणावर लावलं. युरोपियन युनियनमध्ये सर्वांत जास्त ब्लॅककरंट पिकवणारा देश तोच. पुढे स्कियेर्नेव्हित्सेच्या संशोधकांनी टिटानियापासून ‘टिबेन’ आणि ‘टिसेल’ ही वाणं काढली. त्या नावांच्या सुरुवातीला आईची खूण राहिली आहे.

अमेरिकेत मात्र एक गंमत होऊन बसली होती. संघराज्याची बंधनं १९६६ मध्ये उठली, तरी बऱ्याच राज्यांनी आपापले कायदे तसेच ठेवले. दोन-तीन पिढ्या हे फळ न चाखताच मोठ्या झाल्या. आपल्याकडे ब्लॅककरंट आइस्क्रीम खाणाऱ्या कुणालाही ती चव माहीत आहे, पण अमेरिकेतल्या मुलाला ‘जांभळी गोळी’ म्हटलं की आठवतं ते द्राक्ष. न्यूयॉर्क राज्यात ग्रेग क्विन या शेतकऱ्याने हा कायदा बदलण्यासाठी पाठपुरावा केला. कॉर्नेल विद्यापीठातल्या फळतज्ज्ञांनी त्यांना साथ दिली. त्यांच्या मांडणीचा पाया होता कॉन्सॉर्ट आणि टिटानियासारखी वाणं: ज्या पानावर तांबेरा रुजतच नाही, त्या पानावरून पाइनला धोका कसला? २००३ साली राज्याने बंदी उठवली. नव्वद वर्षांचा कायदा एका जनुकाच्या जोरावर मागे घेतला गेला.

आणि २०११ च्या सुमारास कनेक्टिकट राज्यात टिटानियाच्या पानांवर केशरी ठिपके दिसले.

बुरशीच्या एका नव्या प्रकाराने सीआर जनुकाला चकवलं होतं. ज्यांनी पीक-रोगांचा इतिहास वाचला आहे त्यांना याचं नवल वाटू नये. गव्हाच्या तांबेऱ्याने एकेरी प्रतिकाराची वाणं अशीच एकामागून एक मोडलेली आहेत. तरीही मला या बातमीने वाईट वाटलं. तमाश यांनी भुरीसाठी आणि थंडीसाठी दोन-तीन मुलखांचा वारसा एकत्र केला होता. तांबेऱ्यासाठी मात्र सगळी भिस्त उसुरीच्या एकाच देणगीवर राहिली होती. ज्या राज्यांनी ‘अलिप्त’ वाणांनाच परवानगी दिली होती, त्यांचे नियम एका रात्रीत लंगडे पडले. संशोधकांना पुन्हा मागे, जुन्या रानटी झुडपांकडे वळावं लागलं. या वेळी शोध होता एका पक्क्या कुलपाऐवजी अनेक लहान अडथळ्यांचा. पाइनच्या बाबतीत हेच काम आयडाहोमध्ये रिचर्ड बिंगहॅम यांनी १९५० च्या आसपास सुरू केलं होतं. मेलेल्या जंगलात उभे राहिलेले मोजके पाइन शोधून त्यांचं बी त्यांनी वाढवलं.

करंटच्या बाबतीत असं मागे वळायचं तर कुठे, याचं एक मोठं उत्तर सेंट पीटर्सबर्गजवळ पाव्लोव्स्कला आहे. १९२६ साली निकोलाय वाविलोव्ह यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे केंद्र. इथे फळझाडं बियांच्या डब्यांत ठेवलेली नाहीत, जमिनीत उभी आहेत. तसं करणं भाग आहे, कारण करंटचं बी पेरलं तर आईसारखं झुडूप येत नाही. वाण टिकवायचं तर त्याची काडी लावून तेच झुडूप पुन्हा वाढवावं लागतं. वाविलोव्ह यांच्या संस्थेत नीना पाव्लोव्हा यांनी करंट आणि गूसबेरीची पंचवीसेक वाणं तयार केली. त्या मुलांसाठी गोष्टीही लिहीत, आणि रशियन वाचकांत त्यांचं नाव बहुधा त्या गोष्टींमुळेच जास्त घेतलं जातं. वाविलोव्ह स्वतः १९४० साली अटकेत गेले आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात मरण पावले. पाव्लोव्स्क १९४१ ते १९४४ जर्मनांच्या ताब्यात होतं. १९४१ मध्ये तिथला बटाट्यांचा संग्रह तोफगोळ्यांच्या माऱ्यात उकरून लेनिनग्राडला नेला गेला. मग लेनिनग्राडला पडलेल्या जर्मन वेढ्यात संस्थेची माणसं भाताच्या, ओटच्या, भुईमुगाच्या बियांच्या शेजारी बसून उपासमारीने मेली, पण त्यांनी बियांना हात लावला नाही.

२०१० साली हीच जमीन घरबांधणीसाठी देण्याची तयारी झाली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने बांधकामाच्या बाजूने निकाल दिला. संग्रहात त्या वेळी सुमारे हजार प्रकारची करंटं होती. यांतली बहुतेक वाणं जगात दुसरीकडे नाहीत, असं आंतरराष्ट्रीय पीकवैविध्य संस्थेचं म्हणणं होतं. झुडपं उचलून दुसरीकडे न्या, हा सल्ला देणं सोपं होतं. प्रत्येक झुडपाच्या काड्या काढायच्या, त्या रुजवायच्या, विषाणू नाही याची खात्री करायची, नव्या मातीत लावायच्या, आणि फळ धरेपर्यंत जुनी मोडायची नाही. हे काही महिन्यांचं काम नव्हे, वर्षांचं आहे. जगभरातून शास्त्रज्ञांची पत्रं गेली. रशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी या प्रकरणात लक्ष घालायला सांगितल्याचं ट्विटरवर जाहीर केलं. वाद दीड वर्षाहून जास्त चालला. एप्रिल २०१२ मध्ये सरकारने जमीन विकासकांना देण्याची प्रक्रिया अधिकृतपणे थांबवली, आणि पाव्लोव्स्कची करंटं आपल्या जागी राहिली.